क्लोनिंग: डॉली मेंढी, कर्नालच्या म्हशी आणि माणसाचा प्रश्न (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

क्लोनिंगविषयी विद्यार्थी, पशुपालक आणि सर्वसाधारण वाचक जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. विज्ञानाचे प्रश्न आणि नीतीचे प्रश्न मुद्दाम वेगळे ठेवलेले नाहीत, कारण क्लोनिंगवरील बहुतेक गंभीर आक्षेप ‘हे निसर्गाविरुद्ध आहे’ या भावनेतून नव्हे, तर प्रयोगशाळेतील अपयशाच्या आकड्यांतून उभे राहतात. एका यशस्वी जन्मामागे किती गर्भ आणि किती माद्या खर्ची पडल्या, हे विचारल्याशिवाय त्या यशाविषयी बोलता येत नाही.

क्लोन म्हणजे नेमके काय?

एखाद्या सजीवाशी जनुकीयदृष्ट्या जुळणारा दुसरा सजीव म्हणजे क्लोन. हा शब्द ‘डहाळी’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून आला आणि प्रथम वनस्पतींसाठीच वापरला गेला. हापूसची बाठ रुजवली, तर येणारे झाड तसेच फळ देईल याची खात्री नसते, कारण बाठेतल्या रोपात परागाकडून आलेला वाटाही असतो; म्हणूनच कोकणातील बागायतदार कलमे बांधतो. हापूसचे कलम, उसाच्या बेण्याची टिपरी, जळगावच्या बागांत लावली जाणारी उतिसंवर्धित केळीची रोपे हे सगळे क्लोनच आहेत, आणि आपल्या ओळखीत एकरूप जुळी भावंडे असतील तर तीही निसर्गाने घडवलेले क्लोन आहेत.

प्राण्यांमध्ये मात्र ही सोय नाही. गाईच्या कानाचा तुकडा कितीही जपून वाढवला, तरी त्यातून कानाच्याच पेशी वाढतात, गाय वाढत नाही. ही अडचण ओलांडण्याचा इतिहास हाच प्राण्यांच्या क्लोनिंगचा इतिहास आहे.

मग डॉली मेंढीला एवढे महत्त्व का?

शरीरातील जवळजवळ प्रत्येक पेशीत संपूर्ण डीएनए असतो, परंतु त्वचेची पेशी त्यातील त्वचेपुरता भाग वापरते आणि बाकीचा मिटून ठेवते. हा मिटलेला भाग पुन्हा उघडता येतो का, हा प्रश्न होता. १९५२ मध्ये रॉबर्ट ब्रिग्ज आणि थॉमस किंग यांनी बेडकाच्या अगदी कोवळ्या भ्रूणातील पेशींचे केंद्रक (डीएनए असलेला पेशीचा गाभा) अंडपेशीत घालून भैरमासे, म्हणजे बेडकाची पाण्यात वाढणारी पिल्ले, मिळवले. पुढे ऑक्सफर्डमध्ये जॉन गर्डन यांनी भैरमाशाच्या आतड्यातील, म्हणजे विशिष्ट कामाला लागलेल्या पेशींचे केंद्रक वापरूनही बेडूक वाढू शकतो, हे १९६२ मध्ये दाखवले. तरीही सस्तन प्राण्याच्या प्रौढ पेशीला मागे फिरता येत नाही, अशीच बहुतेकांची समजूत राहिली.

५ जुलै १९९६ रोजी एडिंबरोजवळील रॉझलिन संस्थेत डॉली जन्मली आणि ती समजूत मोडली. इयन विल्मट आणि कीथ कॅम्पबेल यांच्या गटाने सहा वर्षांच्या फिन डॉर्सेट जातीच्या मेंढीच्या कासेतील पेशी वापरली होती. ती मेंढी त्याआधीच मेली होती, फक्त तिच्या पेशी गोठवून ठेवलेल्या होत्या. अंडपेशी आणि गर्भ वाढवणारी मेंढी या दोन्ही काळ्या तोंडाच्या स्कॉटिश जातीच्या होत्या, त्यामुळे पांढऱ्या तोंडाचे कोकरू जन्मताच ते कोणाचे, हे डोळ्यांनीच कळले. कॅम्पबेल यांनी पेशींना आधी पोषणद्रव्यांविना उपाशी ठेवून त्यांची विभाजनाची लगबग थांबवली होती. माझ्या मते या सगळ्या हकिगतीतील सर्वांत सुंदर विचार हाच आहे, कारण निवलेल्या पेशीचे केंद्रक अंडपेशीशी लवकर जुळवून घेते.

ही प्रक्रिया प्रत्यक्षात कशी होते?

अंडपेशीतील स्वतःचा डीएनए सूक्ष्मदर्शकाखाली काढून टाकतात, ज्या प्राण्याचा क्लोन हवा त्याची शरीरपेशी तिच्याशी विजेच्या सौम्य झटक्याने जोडतात, आणि मग विद्युत किंवा रासायनिक चेतना देऊन तिला जणू फलन झाल्यासारखी विभागायला लावतात. सुमारे आठवडाभर वाढलेला भ्रूण मादीच्या गर्भाशयात ठेवला जातो.

हरियाणातील कर्नालच्या राष्ट्रीय दुग्ध संशोधन संस्थेने म्हशींसाठी ‘हस्तकृत क्लोनिंग’ ही स्वस्त रीत वापरली. तीत अंडपेशीचे बाह्य आवरण विरघळवून बारीक पात्याने तिचे हातानेच दोन भाग करतात, डीएनए असलेला भाग टाकून देतात आणि डीएनए नसलेल्या दोन अर्ध्या भागांमध्ये एक शरीरपेशी जोडतात. त्यासाठी महागडी सूक्ष्मशस्त्रक्रियेची यंत्रे लागत नाहीत आणि अंडपेशी कत्तलखान्यातून आणलेल्या अंडाशयांतून मिळवता येतात. तंत्र स्वस्त झाले म्हणून ते सोपे झाले असे समजू नये. तिथे कमावलेला हात लागतो.

अपयशाचे प्रमाण एवढे मोठे का असते?

हा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे, म्हणून त्याचे उत्तर थोडे लांब आहे. डॉलीसाठी २७७ अंडपेशींत केंद्रक जोडले गेले. त्यांतून २९ भ्रूणे रोपणायोग्य निघाली, ती १३ मेंढ्यांमध्ये ठेवली गेली आणि कोकरू एकच जन्मले. २००५ मध्ये सोल येथे स्नपी हा पहिला क्लोन कुत्रा जन्मला, तेव्हा १,०९५ भ्रूणे १२३ माद्यांमध्ये ठेवली होती. दोन पिल्ले जन्मली आणि त्यांपैकी एक सुमारे तीन आठवड्यांतच न्यूमोनियाने दगावले. २०१८ मध्ये शांघायच्या शास्त्रज्ञांनी जाहीर केलेल्या झोंग झोंग आणि हुआ हुआ या माकडिणींसाठी ७९ भ्रूणे २१ माद्यांमध्ये ठेवली होती, त्यांतून सहा गर्भधारणा झाल्या आणि दोन पिल्ले जगली. तीही गर्भावस्थेतील पेशींपासून झाली होती; प्रौढ माकडाच्या पेशींपासून जन्मलेली पिल्ले लवकरच मेली.

कारण असे की, त्वचेच्या किंवा कासेच्या पेशीने आयुष्यभर मिटून ठेवलेली जनुके अंडपेशीने काही तासांत उघडायची असतात आणि उघडी असलेली मिटायची असतात. डीएनएवर आणि त्याला गुंडाळणाऱ्या प्रथिनांवर रासायनिक खुणा असतात. कोणते जनुक बोलायचे आणि कोणते गप्प राहायचे हे त्यांवरून ठरते. अंडपेशी या खुणा पुसण्याचा प्रयत्न करते, पण बहुधा काही राहून जातात, आणि चूक कोठे झाली यावर गर्भ पहिल्या आठवड्यात मरतो की नवव्या महिन्यात, हे ठरते. वार, म्हणजे गर्भाला पोषण पुरवणारा अवयव, नीट न वाढणे ही नेहमीची अडचण आहे. गाईंमध्ये गर्भ प्रमाणाबाहेर मोठा होणे, गर्भाशयात पाणी साठणे, वासरू फुप्फुसे किंवा हृदय कमकुवत घेऊन जन्मणे हे प्रकार ठाऊक आहेत, आणि त्यांत गर्भ वाढवणाऱ्या गाईचाही जीव जाऊ शकतो. ‘यशाचे प्रमाण कमी’ असे म्हणून आपण पुढे सरकतो, पण त्या तीन शब्दांत उशिराचे गर्भपात, अडलेली वेते आणि काही तास जगलेली वासरे सामावलेली असतात. संशोधकांनी आपल्या प्रबंधात यशाइतक्याच ठळकपणे हे आकडे द्यावेत, अशी माझी आग्रहाची मागणी आहे.

क्लोन केलेले प्राणी लवकर म्हातारे होतात का?

ही समजूत डॉलीमुळेच पसरली. तिच्या गुणसूत्रांची टोके (ती वयाबरोबर झिजत जातात) वयाच्या मानाने आखूड असल्याचे १९९९ मध्ये आढळले, पुढे तिला संधिवात झाल्याचे जाहीर झाले, आणि १४ फेब्रुवारी २००३ रोजी साडेसहा वर्षांची असताना तिला दयामरण द्यावे लागले. परंतु तिचा आजार मेंढ्यांमध्ये विषाणूमुळे होणारा फुप्फुसाचा कर्करोग होता, आणि तो क्लोन नसलेल्या मेंढ्यांनाही होतो. तिला नैसर्गिक रीतीने सहा कोकरे झाली होती. नॉटिंगहॅम येथे डॉलीच्याच पेशींपासून झालेल्या चार मेंढ्यांसह १३ क्लोन मेंढ्यांची तपासणी करून, त्या वयाच्या मानाने निरोगी असल्याचे २०१६ मध्ये सांगण्यात आले. म्हणजे जो क्लोन जन्माच्या उंबरठ्यावरून सुखरूप आत येतो तो बहुधा चांगला जगतो. धोका उंबरठ्यावरच आहे.

क्लोन मूळ प्राण्यासारखा हुबेहूब असतो का?

नाही. डिसेंबर २००१ मध्ये टेक्सासमध्ये सीसी नावाची पहिली क्लोन मांजर जन्मली. तिची जनुकीय मूळ प्रत असलेली मांजर तिरंगी होती, पण सीसीच्या अंगावर नारिंगी रंग आलाच नाही. मादीच्या प्रत्येक पेशीत दोन एक्स गुणसूत्रांपैकी एक गप्प होते. ज्या पेशीपासून सीसी झाली तिच्यात नारिंगी रंगाचे जनुक असलेले गुणसूत्र गप्प होते आणि ते तसेच राहिले. शिवाय ठिपके कोठे पडावेत हे गर्भातील पेशींच्या हालचालीवर ठरते, केवळ जनुकांवर नाही.

दुसरा फरक पेशीच्या ऊर्जाकेंद्रांचा. मायटोकॉन्ड्रियामध्ये स्वतःची ३७ जनुके असतात आणि ती जवळजवळ पूर्णपणे अंडपेशीकडून येतात. कर्नालला मार्च २०२३ मध्ये जन्मलेली गंगा ही गीर गाईच्या पेशीपासून झालेली कालवड आहे, पण अंडपेशी साहिवाल गाईची होती. केंद्रकातील सुमारे वीस हजारांपुढे ३७ ही संख्या लहान आहे, तरी ‘शंभर टक्के प्रत’ हा शब्दप्रयोग चुकीचाच ठरतो.

भारतात क्लोनिंगचे कोणते काम झाले आहे?

६ फेब्रुवारी २००९ रोजी कर्नालला समरूपा ही मुऱ्हा म्हशीची पारडी जन्मली आणि काही दिवसांतच फुप्फुसाच्या संसर्गाने गेली. त्याच वर्षी जूनमध्ये जन्मलेली गरिमा सुमारे दोन वर्षे जगली. २०१० मध्ये जन्मलेली गरिमा-२ मात्र वाढली, माजावर आली आणि जानेवारी २०१३ मध्ये तिने महिमा या पारडीला जन्म दिला. क्लोन म्हैस सर्वसाधारण म्हशीसारखी प्रजननक्षम असते, हे येथे सिद्ध झाले. मार्च २०१२ मध्ये श्रीनगरच्या कृषी विद्यापीठात नूरी ही पश्मिना शेळी जन्मली, आणि डिसेंबर २०१५ मध्ये हिसारच्या केंद्रीय म्हैस संशोधन संस्थेत हिसार-गौरव हा मुऱ्हा रेडा. समरूपाचे नाव बातम्यांत फार काळ टिकले नाही. पण गरिमा-२ पर्यंत जो रस्ता गेला तो तिच्यावरून गेला, हे विसरणे मला योग्य वाटत नाही.

माझ्या गोठ्यात भरपूर दूध देणारी म्हैस आहे. तिचे क्लोनिंग करून घ्यावे का?

आजच्या घडीला करू नये, असे स्पष्ट उत्तर आहे. दूध केवळ जनुकांवर ठरत नाही. चारा, पाणी, गोठ्यातील उष्णता, वेतानंतरची काळजी यांचा त्यात मोठा वाटा असतो, आणि शेजाऱ्याच्या गोठ्यात तीच जनुके वेगळा हिशेब दाखवतील. तुमच्या म्हशीचे गुण पुढच्या पिढीत आणण्यासाठी सिद्ध रेड्याच्या रेतमात्रा वापरणे हा कितीतरी खात्रीचा आणि स्वस्त मार्ग आहे. उरुळी कांचनच्या बायफसारख्या संस्थांनी गोठीत रेतमात्रा आणि दारापर्यंत कृत्रिम रेतन ही व्यवस्था महाराष्ट्रातील पशुपालकांना दिली आहे. एका उत्तम रेड्यापासून हजारो रेतमात्रा मिळतात, म्हणूनच क्लोनिंगचा पटण्याजोगा उपयोग म्हशीपेक्षा रेड्यासाठी आहे: संततीवरून सिद्ध झालेला रेडा म्हातारा झाला किंवा मेला, तर त्याच्या क्लोनपासून त्याच गुणांच्या रेतमात्रा पुढे चालू ठेवता येतात.

परंतु सगळे कळप मूठभर जनावरांच्या प्रतींनी भरून टाकण्याला माझा ठाम विरोध आहे, आणि त्यासाठी केळीचे उदाहरण पुरेसे आहे. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत जगाच्या निर्यात बाजारात ग्रो मिशेल या एकाच जातीचे राज्य होते. जमिनीतील बुरशीने होणाऱ्या पनामा मर रोगाने तिच्या बागा संपवल्या, कारण एका झाडापाशी जो बचाव नव्हता तो कोणत्याच झाडापाशी नव्हता. पंढरपुरी किंवा नागपुरी म्हशीने आपापल्या उन्हात आणि चाऱ्यात टिकून राहण्यासाठी जे गुण कमावले, ते दुधाच्या आकड्यात दिसत नाहीत म्हणून मोलाचे नाहीत असे नव्हे.

क्लोन जनावराचे दूध किंवा मांस खाण्यास सुरक्षित आहे का?

अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने जानेवारी २००८ मध्ये गाय, डुक्कर आणि शेळी यांच्या क्लोनचे दूध व मांस इतर जनावरांच्या अन्नाइतकेच सुरक्षित असल्याचा निष्कर्ष काढला. युरोपीय संसदेने २०१५ मध्ये पशुपालनातील क्लोनिंगवर बंदी घालावी असा कौल दिला, तो मुख्यतः जनावरांच्या हालांकडे बोट दाखवून.

माझा कुत्रा गेला. क्लोनिंगने तो परत मिळेल का?

आपले दुःख खरे आहे, आणि म्हणूनच उत्तर खरे द्यायला हवे: तो परत मिळणार नाही. अमेरिकेत कुत्र्याच्या क्लोनिंगसाठी सुमारे ५० हजार डॉलर आकारले जातात आणि मिळते ते एक नवे पिल्लू, ज्याला आपली हाक, आपला जिना, आपली संध्याकाळची वेळ यांतले काहीच ठाऊक नसते. त्या पिल्लासाठी दुसऱ्या कुत्र्यांची अंडपेशींसाठी शस्त्रक्रिया होते आणि काही माद्यांना गर्भ वाहावा लागतो. ज्याने एका कुत्र्यावर जीव लावला, त्याने या अनोळखी कुत्र्यांचाही विचार करावा, अशी माझी विनंती आहे.

क्लोनिंगने माळढोक, चित्ता किंवा गवा वाचवता येईल का?

माळढोक नाही. पक्ष्याचे अंडे बलकाने भरलेले आणि अपारदर्शक असते, त्यातील केंद्रक काढून दुसरे बसवणे आणि मग त्याभोवती कवच चढवणे अजून साधलेले नाही. सोलापूरजवळच्या नान्नजला ज्यांनी एकेकाळी माळढोक पाहिला, त्यांना हे उत्तर कटू वाटेल, पण त्या पक्ष्यासाठी माळरान राखणे आणि विजेच्या तारांपासून त्याला वाचवणे, हेच काम आहे. जैसलमेर भागातील प्रजनन केंद्रात २०२४ मध्ये कृत्रिम रेतनातून पिल्लू जन्मले, तो मार्ग खरा आहे.

सस्तन प्राण्यांत चित्र संमिश्र आहे. जानेवारी २००१ मध्ये अमेरिकेत एका पाळीव गाईच्या पोटी नोआ नावाचा गव्याचा क्लोन जन्मला आणि दोन दिवसांत हगवणीने मेला. स्पेनमधील नामशेष झालेल्या पिरेनीज रानबकऱ्याचा क्लोन २००३ मध्ये जन्मून काही मिनिटेच जगला. आशियाई चित्त्यासाठी हैदराबादच्या पेशी व रेणू जीवशास्त्र केंद्राने क्लोनिंगची योजना आखली होती, पण इराणने त्यासाठी सहकार्य करण्यास नकार दिला.

याउलट अमेरिकेतील काळ्या पायांच्या फेरेट या मुंगसासारख्या दिसणाऱ्या छोट्या मांसाहारी प्राण्याचे उदाहरण आशादायक आहे. आजचे सर्व फेरेट सात पूर्वजांपासून आले आहेत. १९८८ मध्ये मेलेल्या, त्या सातांत नसलेल्या विला नावाच्या मादीच्या गोठवलेल्या पेशींपासून डिसेंबर २०२० मध्ये एलिझाबेथ अॅन जन्मली, आणि त्याच पेशींपासून झालेल्या अँटोनिया या मादीला २०२४ मध्ये पिल्लेही झाली. येथे क्लोनिंगने एकसारखेपणा वाढवला नाही, हरवलेली विविधता परत आणली. भारतातील वन्यप्राण्यांच्या पेशी आज जपून गोठवून ठेवणे याला म्हणूनच मी प्रत्यक्ष क्लोनिंगपेक्षा अधिक महत्त्व देतो.

माणसाचे क्लोनिंग कोणी केले आहे का?

क्लोन माणूस जन्मल्याचा एकही पुरावा नाही. डिसेंबर २००२ मध्ये एका पंथाशी संबंधित कंपनीने असा दावा केला, पण तपासणीसाठी काहीही पुढे ठेवले नाही. मानवी पेशीपासून क्लोन भ्रूण तयार करून त्यातून मूलपेशी, म्हणजे शरीरातील कोणत्याही प्रकारची पेशी बनू शकणाऱ्या पेशी, मिळवण्यात मात्र ओरेगॉनमधील शुखरात मितालिपोव्ह यांच्या गटाला २०१३ मध्ये यश आले. हे भ्रूण गर्भाशयात ठेवले जात नाहीत. रुग्णाशी जुळणाऱ्या पेशी मिळवणे हा त्यामागील हेतू असतो आणि याला उपचारात्मक क्लोनिंग म्हणतात.

उपचारासाठी असेल, तर त्यात गैर काय?

पहिला आक्षेप भ्रूणाच्या दर्जाचा आहे, आणि त्यावर प्रामाणिक माणसांत मतभेद राहणार. दुसऱ्या आक्षेपाकडे कमी लक्ष जाते: अंडपेशी स्त्रियांकडून येतात. त्यासाठी संप्रेरकांची इंजेक्शने घ्यावी लागतात आणि काहींना त्यातून गंभीर त्रास होतो. दक्षिण कोरियातील ह्वांग वू-सुक यांनी २००४ आणि २००५ मध्ये क्लोन भ्रूणापासून मूलपेशी मिळवल्याचे प्रसिद्ध केले. ते निष्कर्ष बनावट निघाले आणि जानेवारी २००६ मध्ये दोन्ही शोधनिबंध मागे घेतले गेले. त्या कामात दोन हजारांहून अधिक अंडपेशी वापरल्या गेल्या होत्या आणि देणाऱ्यांमध्ये त्यांच्याच प्रयोगशाळेतील कनिष्ठ संशोधक स्त्रियाही होत्या. वरिष्ठाला ‘नाही’ म्हणणे ज्या नात्यात कठीण असते, तिथे दिलेल्या संमतीला संमती म्हणणे मला अवघड वाटते.

शिन्या यामानाका यांनी २००६ मध्ये उंदराच्या आणि २००७ मध्ये माणसाच्या साध्या शरीरपेशींना चार जनुकांच्या साहाय्याने मूलपेशींसारखे बनवून दाखवले, आणि अंडपेशींची गरजच बरीचशी संपवली. २०१२ चे नोबेल पारितोषिक त्यांना गर्डन यांच्यासह मिळाले.

उद्या तंत्र पूर्ण सुरक्षित झाले, तर क्लोन मूल जन्माला घालायला हरकत काय?

प्रथम हे स्पष्ट असावे की, सुरक्षित होण्यापर्यंतचा रस्ता माणसांवरील प्रयोगांतूनच जातो. पहिल्या शंभर अपयशी गर्भधारणा कोणाच्या पोटी असाव्यात, याचे उत्तर देता येत नाही. माझ्यासाठी हा आक्षेप एकटाच पुरेसा आहे. तरी तो घटकाभर बाजूला ठेवू.

जुळी भावंडे एकाच वेळी जन्मतात आणि दोघांपुढचे आयुष्य सारखेच कोरे असते. क्लोन मूल मात्र अशा एखाद्याच्या मागून येते ज्याचे आयुष्य जगून झाले आहे. गेलेल्या लेकराच्या जागी आणलेल्या क्लोनला ‘तो असा नव्हता’ हे वाक्य किती वेळा ऐकावे लागेल, याचा विचार करावा. मुलाला स्वतःविषयी अजाण असण्याचा, स्वतःला हळूहळू ओळखण्याचा अधिकार असतो. अर्थात, आईवडील क्लोनिंगविनाही मुलांवर आपल्या अपेक्षा लादतात, हे मान्य आहे. पण येथे अपेक्षा हेच मुलाच्या जन्माचे कारण असते.

नात्यांचा गुंता वेगळाच. एखाद्या स्त्रीने स्वतःच्या पेशीपासून मूल जन्माला घातले, तर ती त्या मुलीची जन्मदाती आई असेल, पण जनुकांच्या हिशेबाने तिची जुळी बहीण असेल आणि मुलीचे जनुकीय आईवडील म्हणजे घरातले आजी-आजोबा ठरतील. तरीही उद्या असे मूल जन्मलेच, तर ते पूर्ण माणूस असेल, त्याला इतर कोणाही इतकाच मान आणि हक्क असेल. आक्षेप घडवणाऱ्यांच्या कृतीवर आहे, त्या मुलावर नाही.

गांधारीचे शंभर पुत्र हे क्लोनिंगचे प्राचीन उदाहरण आहे का?

कथेत एका मांसपिंडाचे १०१ भाग करून ते तुपाच्या कुंभांत वाढवले, असे येते. या कथेतील कल्पनाशक्ती थक्क करणारी आहे. परंतु त्यात केंद्रक, अंडपेशी किंवा प्रक्रिया यांचे वर्णन नाही, आणि ती भावंडे एकसारखी होती असेही नाही. त्यांत दुःशला ही बहीणही आहे. कथेला कथा म्हणून मान द्यावा, तिच्याकडून प्रयोगशाळेचा दाखला मागू नये.

कायदा काय सांगतो?

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मूलपेशी संशोधनाच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार प्रजननासाठी मानवी क्लोनिंग निषिद्ध आहे आणि मानवी भ्रूण प्रयोगशाळेत १४ दिवसांपलीकडे वाढवता येत नाही. ब्रिटनने २००१ मध्येच प्रजननात्मक क्लोनिंगविरुद्ध स्वतंत्र कायदा केला. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने ८ मार्च २००५ रोजी मानवी क्लोनिंगविरोधी जाहीरनामा ८४ विरुद्ध ३४ मतांनी संमत केला, ३७ देश तटस्थ राहिले, आणि तो देशांवर बंधनकारक नाही. भारताने त्याच्या विरोधात मत दिले, ते प्रजननात्मक क्लोनिंगला पाठिंबा म्हणून नव्हे, तर त्या मसुद्याच्या शब्दरचनेमुळे उपचारात्मक संशोधनावरही बंदी येईल म्हणून.